मोकळे रान कोणाचे?

धावणे हा गरिबाचा खेळ आहे, असे म्हणतात. त्याला बॅट लागत नाही, जाळे लागत नाही, मैदानाची आखणीही लागत नाही. दोन पाय आणि एक वाट असली की झाले! यांपैकी पायांविषयी क्रीडाविभागात पुष्कळ बोलले जाते. वाटेविषयी मात्र कोणीच बोलत नाही. वाट ही असायचीच, असे आपण गृहीत धरून चालतो. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. वाट आपोआप असत नाही. ती कोणीतरी राखलेली असते आणि राखणारे हात सैल पडले की ती नाहीशी होते.

हे मत मांडण्यासाठी मी बरेच दूरचे उदाहरण घेणार आहे. स्पेनमध्ये माद्रिदच्या वायव्येस, ग्वादार्रामा पर्वताच्या पलीकडच्या उतारावर, सेगोव्हिया नावाचे शहर आहे. मी तेथे गेलेले नाही. इतिहासाची विद्यार्थिनी आणि क्रॉस कंट्रीची धावपटू, अशा दुहेरी नात्याने नकाशे आणि पुस्तके चाळताना या शहराशी माझी ओळख झाली. पण त्या ओळखीतून जो प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला, तो फार जवळचा आहे.

सेगोव्हिया समुद्रसपाटीपासून सुमारे 1000 मीटर उंचीवर वसले आहे. एरेस्मा आणि क्लामोरेस या दोन नद्यांच्या मधोमध एक उंच खडक, त्याच्या टोकाला आल्कासार हा किल्ला आणि दुसऱ्या अंगाला रोमनांनी बांधलेला जलसेतू, अशी त्या शहराची ठेवण आहे. चुन्याचा गिलावा न वापरता नुसते ग्रॅनाइटचे चिरे एकावर एक रचून उभा केलेला हा सेतू सर्वांत उंच ठिकाणी 28 मीटरांच्या आसपास आहे. कॅस्टिलची राणी म्हणून इसाबेलाची द्वाही 1474 मध्ये याच शहरात फिरली. 1985 साली जुने शहर आणि जलसेतू यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. प्रवासी येतात ते हे सारे पाहायला. सेतूखाली उभे राहतात, किल्ला पाहतात आणि संध्याकाळी माद्रिदला परततात.

धावणाऱ्याचे सेगोव्हिया मात्र तटाच्या बाहेर सुरू होते. पहिली वाट एरेस्माच्या काठाकाठाने जाते. नदीकाठची झाडी, एल पार्रालचा मठ, दुसऱ्या फिलिपने 1583 मध्ये स्थापलेली टांकसाळ, पुढे फुएन्सिस्लाचे देवस्थान आणि मान वर केली की थेट डोक्यावर आल्कासार! सावली आणि ओलावा असलेली ही सौम्य वाट आहे. नदी ओलांडून चढण चढले की वेरा क्रूसचे बाराकोनी चर्च लागते. ते 1208 सालचे आहे. तेथून सामार्रामाला या गावाच्या दिशेने पठार उघडते. माद्रिदहून सान्तियागोला जाणारे यात्रेकरू याच अंगाने पुढे जातात आणि त्यांच्यासाठी रंगवलेले पिवळे बाण धावणाऱ्यालाही वाट दाखवतात. येथे झाड नाही, आडोसा नाही. धान्याची शेते, वारा आणि आभाळ एवढेच. उन्हाळ्यात अंग भाजते, हिवाळ्यात बोटे गारठतात. तिसरी वाट जुन्या लोहमार्गाची. सेगोव्हियाहून मेदिना देल काम्पोकडे जाणारी गाडी 1993 मध्ये बंद झाली आणि त्या मार्गावर आता पायी चालणारे व सायकलवाले दिसतात. चौथी वाट दक्षिणेची, पर्वताच्या पायथ्याची. समोर ‘मृत स्त्री’ या नावाची डोंगररांग आडवी पसरलेली असते. तिची आकृती खरोखरच निजलेल्या बाईसारखी दिसते, म्हणून हे नाव.

या चौथ्या वाटेपाशी मला थांबायचे आहे. कारण ती धावण्यासाठी झालेली नाही, यात्रेसाठीही नाही आणि रेल्वेसाठी तर नाहीच. ती मेंढरांसाठी झालेली आहे.

कॅस्टिलच्या उंच मुलखातले मेंढपाळ शरद ऋतूत मेरिनो मेंढ्यांचे कळप घेऊन नैर्ऋत्येच्या उबदार एक्स्त्रेमादुराकडे उतरत आणि वसंत ऋतूत परत येत. परतीच्या वाटेवर सेगोव्हियाच्या डोंगरपायथ्याशी लोकर कातरण्याची मोठमोठी घरे असत. सोळाव्या शतकात या शहराच्या कापडाचा जो लौकिक होता, त्याच्या मुळाशी ही लोकर होती. 1273 मध्ये दहाव्या आल्फोन्सो राजाने मेंढपाळांच्या ‘मेस्ता’ या संघाला सनद दिली आणि कळपांच्या वाटांना राजाचे संरक्षण मिळाले. सोरियाहून निघून सेगोव्हियाच्या पायथ्याने बादाखोसच्या बाजूला जाणारी पश्चिम सोरियाची राजवाट ही त्यांतलीच एक. अशा मोठ्या वाटेला स्पॅनिशमध्ये ‘कान्यादा’ म्हणतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मेस्ता म्हणजे काही साधुसंतांची मंडळी नव्हती. मोठे कळप सरदारांचे आणि मठांचे होते, राजाला त्यांच्याकडून उत्पन्न मिळत होते आणि पिकांची नासाडी सोसणारा शेतकरी त्या काळात पुष्कळदा हतबल होता. 1836 मध्ये मेस्ता संपली, तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. मग कळप प्रथम रेल्वेने आणि नंतर ट्रकने जाऊ लागले. वाटा ओस पडल्या. ओस पडलेल्या वाटेचे काय होते, हे कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. नांगराचा फाळ दरवर्षी हातभर पुढे सरकतो.

तरीही वाटा पूर्णपणे गेल्या नाहीत. 1995 साली स्पेनने या मेंढवाटांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्याप्रमाणे या वाटा सार्वजनिक मालकीच्या आहेत. त्या विकता येत नाहीत, जप्त करता येत नाहीत आणि कितीही वर्षे वहिवाट केली तरी कोणाच्या खाजगी मालकीच्या होत नाहीत. कायद्याने त्यांची कमाल रुंदीही सांगितली आहे: कान्यादा 75 मीटर, कोर्देल साडेसदतीस मीटर आणि वेरेदा 20 मीटर. देशभरातील या वाटांची लांबी सुमारे 1,25,000 किलोमीटर सांगितली जाते. आणि आमच्या दृष्टीने महत्त्वाचे कलम हे, की पायी फिरणे, पदभ्रमण, घोडेस्वारी आणि इंजिनाविना चालणाऱ्या वाहनांवरचे खेळ यांना तेथे पूरक वापर म्हणून मुभा आहे. अट एकच, कळप आला तर पहिला मान कळपाचा.

ही अट मला फार आवडते. धावणाऱ्याने बाजूला व्हायचे आणि मेंढरांना जाऊ द्यायचे! आपल्याकडे कोणतीही जुनी गोष्ट ‘विकसित’ करायची म्हटले की जुन्या मालकाला आधी बाहेर काढतात. येथे उलट आहे. पाहुण्याला जागा दिली आहे, पण घर यजमानाचेच ठेवले आहे.

यावर कोणी म्हणेल, मेंढ्या येतातच किती? चार हौशी धावणाऱ्यांसाठी 75 मीटर रुंदीची जमीन अडकवून ठेवणे ही चैन नव्हे काय? हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. माझे उत्तर असे, की वाटेची किंमत आजच्या रहदारीवरून ठरवता येत नाही. एकदा मोडलेली वाट पुन्हा जोडायची तर शंभर मालकांच्या दारात जावे लागते. राखलेली वाट मात्र फुकट राहते. शिवाय धावणारा तेथे नुसता उपभोग घेत नाही. त्याचे रोजचे पाऊल हाही एक पहारा असतो. कुंपण पुढे आले, राडारोडा पडला, तर ते प्रथम त्याच्याच नजरेस पडते. पहारा ढिला पडला की काय होते, हे माद्रिदजवळच्या गालियाना राजवाटेवर दिसते. तेथे मैलोन्‌मैल वस्ती उभी राहिली आणि 2011 मध्ये माद्रिद प्रांताला त्या पट्ट्याचा मेंढवाट हा दर्जाच काढून घेणारा कायदा करावा लागला. तेथे राहणाऱ्या गरिबांना मी दोष देत नाही. निवारा नसलेला माणूस मोकळी जागा शोधणारच. पण वाट आणि निवारा या दोहोंकडे वेळीच पाहिले असते, तर एकाला दुसऱ्याच्या उरावर बसावे लागले नसते.

आता थोडे आपल्याकडे पाहू. मेंढरांमागे चालणारा धनगर आपल्याला परका नाही. पावसाळा संपला की देशावरचे कळप घाट उतरून कोकणात जातात, वाटेत शेतकरी खतासाठी शेतात मेंढ्या बसवून घेतात. त्यांच्या वाटा मात्र कोणत्या नकाशावर आहेत? आपल्या 1966 च्या जमीन महसूल संहितेत शेतकऱ्याला बांधावरून आपल्या शेतात जाण्याचा हक्क मागता येतो, तो कलम 143 खाली. तो हक्क मोलाचा आहे. पण तो शेतापर्यंत पोहोचून थांबतो. कळपाला, वाटसरूला आणि पहाटे धावणाऱ्या मुलीला मोकळ्या रानातून जाण्याचा हक्क आहे की नाही, याविषयी आपण विचारच केलेला नाही. मी ज्या पाणंदीने सराव करते, ती दोन्ही बाजूंनी इतकी आत आली आहे, की समोरून बैलगाडी आली तर बांधावर चढावे लागते. म्हणून आमच्यापैकी बऱ्याच जणी डांबरी रस्त्यावर ट्रकच्या उजेडात धावतात. मैदान नाही म्हणून मुली खेळत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी मुलींना वाट तरी आहे का, हे आधी पाहावे.

1994 पासून माद्रिदच्या भर रस्त्यांतून मेंढरांचे कळप नेण्याचा एक सोहळा होतो. मोटारी थांबतात आणि मेंढ्या जातात. यात थोडा देखावा असेल. पण हक्क वापरला नाही तर तो मरतो, हे त्या मेंढपाळांना पक्के ठाऊक आहे. 2023 मध्ये ‘युनेस्को’ने अशा ऋतुमानानुसार होणाऱ्या पशुस्थलांतराला मानवजातीचा अमूर्त वारसा मानणाऱ्या नोंदीत स्पेनचेही नाव घातले.

आपल्या महाविद्यालयात भूगोल आहे, इतिहास आहे, राष्ट्रीय सेवा योजना आहे आणि धावणारी पोरेही आहेत. या सर्वांनी मिळून परिसरातील पाणंदी, गाडीवाटा आणि धनगरांच्या वाटा पायी फिरून एका नकाशावर आणाव्यात, अशी माझी सूचना आहे. जुन्या माणसांना विचारावे, गावनकाशा पाहावा, रुंदी मोजावी. त्यासाठी दोरी, वही आणि काही रविवार पुरेत. मोकळे रान कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर त्या नकाशातून एकदम मिळणार नाही. पण कोणती वाट कोठून कोठे जात होती, एवढे तरी लिहून ठेवलेले असेल, आणि लिहून ठेवलेली वाट नांगरणे थोडे अवघड असते.