पोट नसलेला पाहुणा

घरात मासे पाळायला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर घरचे म्हणतील, आजीला काय, सगळ्यातच खोट दिसते! पण घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाइपफिश पाळावा का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर 'बहुतेकांनी पाळू नये' असंच आहे.

विचारणारा माझा नातू. तो अमेरिकेत असतो. त्याच्याकडे दोन वर्षांपासून समुद्री मत्स्यालय आहे. त्यात प्रवाळ आहे, क्लाउनफिशची जोडी आहे आणि ती जोडी जिच्यात लोळते ती अ‍ॅनिमोनही आहे. आता त्याला पाइपफिशची जोडी आणायची आहे. व्हिडिओवर चित्र दाखवत म्हणाला, "आजी, हा बघ समुद्रघोड्याचा चुलतभाऊ!"

नातं अगदी बरोबर सांगितलं त्याने. दोघे एकाच कुळातले. समुद्रघोड्याला दोन्ही टोकांना धरून ताणून सरळ केलं की झाला पाइपफिश. पेन्सिलीसारखं बारीक अंग, वर हाडांच्या कड्यांचं चिलखत आणि तोंडाच्या जागी नळी. नातवाला आवडलेल्या जातीच्या अंगावर फिकट पिवळे आणि गडद तांबडे पट्टे असतात, शेपटी लाल पंख्यासारखी. शिवाय या कुळात बाळंतपण बापाकडे! मादी अंडी घालते ती नराच्या अंगावर, आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत तो ती वागवतो. असा मासा कुणालाही हवासा वाटेल. मलाही वाटला.

पण मग मी वाचायला बसले. (निवृत्त मास्तरीणबाईंना दुसरं काम काय?) आणि एका गोष्टीपाशी अडले. या माशाला जठरच नसतं. आपण दोन वेळा जेवतो, कारण खाल्लेलं साठवायला पोटात जागा असते. याच्याकडे ते कोठारच नाही. तोंडातून घेतलेलं सरळ आतड्यात जातं. म्हणून समुद्रात तो उजेड असेपर्यंत टिपतच असतो. खाणं काय, तर कोपेपॉड नावाचे जेमतेम मिलिमीटरभर जीव आणि तसलेच बारीक कवचधारी. तोंडात दात नाहीत. समोरचा जीव आधी नीट न्याहाळायचा, नेम धरायचा आणि मग नळीतून चटकन ओढून घ्यायचा.

आता अशाला क्लाउनफिशच्या पंगतीला बसवा! वाढपी येतो, बाकीचे तुटून पडतात आणि हा बिचारा पहिला घास न्याहाळत असतो, तोवर पान रिकामं. वर्गातही अशी मुलं असतात. उत्तर येत असतं, पण हात वर करेपर्यंत पुढच्या बाकावरच्याने सांगून टाकलेलं असतं. वर्गात शिक्षक "जरा थांब रे" म्हणू शकतो. टाकीत कोण म्हणणार? त्यात नातवाच्या टाकीतली अ‍ॅनिमोन डंख मारणारी, आणि हा मासा पोहण्यात मंद. तिच्याजवळ वाहत गेला तर सुटका कठीण.

बरं, जास्त अन्न टाकावं, तर न खाल्लेलं कुजतं आणि पाणी बिघडतं. कमी टाकावं, तर हा उपाशी. मधला मार्ग आहे, पण तो कष्टाचा. टाकी निदान सहा महिने ते वर्षभर मुरलेली हवी, म्हणजे तिच्यातल्या दगडांवर आणि शेवाळात कोपेपॉडची आपली आपण वाढ होते. जोडीला घरी आर्टेमियाची अंडी उबवायची. खाऱ्या पाण्यात हवेचे बुडबुडे सोडले की साधारण २४ तासांत पिल्लं निघतात. ती ताजी असतानाच घालायची, कारण अंगातला बलक संपला की त्यांच्यात फारसा कस राहत नाही. हे एक दिवस नव्हे, रोज करायचं. दिवसातून अनेकदा, आणि सुट्टीवर गेलात तरी!

नातू म्हणतो, काही पाइपफिश गोठवलेलं खाणंही शिकतात. खरं आहे. निळ्या पट्ट्याचा एक बोटभर लांबीचा पाइपफिश त्यातल्या त्यात सोपा मानतात. पण 'काही शिकतात' याचा अर्थ काही शिकत नाहीत. आणि न शिकणारा आरडाओरडा करत नाही. तो तसाच डौलात तरंगतो, पाहुणे "काय सुंदर!" म्हणतात, आणि डोक्यामागचा पोटाचा भाग दिवसेंदिवस आत जात राहतो. उपासमार दिवाणखान्यात चाललेली असते आणि कुणाला दिसत नाही.

लेक मला म्हणाली, "आई, पोराची हौस मोडू नकोस. हौसेला मोल नसतं." मोल असतं गं. इथे ते मासा चुकवतो. समुद्रघोड्यांची पैदास आता टाक्यांतून बरीच होते. पाइपफिश मात्र अजूनही बहुतेक समुद्रातूनच पकडून आणलेले असतात. म्हणजे एक मेला की दुकानातून दुसरा, आणि तो कुठल्यातरी प्रवाळखडकावरून उचललेला.

आपल्याकडे हा प्रश्न कायद्यानेच सोडवला आहे. समुद्रघोडे वाळवून औषधासाठी परदेशी जात होते, जाळ्यांतही सापडत होते. २००१ साली समुद्रघोड्यांसह त्यांचं सगळं कूळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं गेलं. म्हणजे पाइपफिश थेट वाघाच्या पंगतीला! आपल्या समुद्रातून तो पकडणं आणि विकणं गुन्हा आहे. तेव्हा इथल्या कुणा भाच्या-पुतण्याच्या मनात असेल तर त्याने ते काढून टाकावं.

दुसरी बाजूही आहे. या माशांना काय लागतं हे आज जे माहीत आहे, त्यातलं बरंच हौशी लोकांनी रात्री जागून शोधलेलं आहे. टाकीत पैदास करण्याचे प्रयत्नही तेच करतात. ज्याने असा मासा वर्षानुवर्षं सांभाळला, त्याला मी नमस्कारच करीन. पण त्याने आपला दिवस माशाच्या पोटाला बांधून घेतलेला असतो. माझा नातू सकाळी आठला घर सोडतो आणि संध्याकाळी सातला परततो.

म्हणून मी त्याला लिहिलं: बाळा, आणायचाच तर या टाकीत नको. वेगळी, शांत टाकी कर. तिला वर्षभर मुरू दे. टाकीत जन्मलेला मासा मिळाला तरच घे. पैसे देण्याआधी दुकानदाराला तुझ्यासमोर त्याला खाऊ घालायला सांग, आणि तो खातो का ते बघ. दुपारी घरी कोण असेल ते आधी ठरव. यातलं एकही जमणार नसेल, तर मोठ्या मत्स्यालयात जाऊन तासभर काचेला नाक लावून बघ. पाइपफिश तिथेही तितकाच सुंदर दिसतो, आणि त्याला दिवसभर खाऊ घालायला तिथे माणसं असतात.

अजून त्याचं उत्तर आलेलं नाही. रागावला असेल तर रागावू दे. आजीवरचा राग आठवड्यात उतरतो.