तांदळातले नाव, पासपोर्टातले नाव

आमच्या एका माजी विद्यार्थिनीने परदेशात नोंदणी पद्धतीने लग्न केले. तेथील कार्यालयाने दिलेल्या विवाह-दाखल्यावर तिचे जन्मापासूनचेच नाव आहे. ते बदलावे असे त्या कार्यालयाला वाटले नाही, आणि तिलाही वाटले नाही. पुढे पासपोर्टाची मुदत संपत आली तेव्हा इकडून, पुण्याहून, दोन्ही घरची माणसे एकच पालुपद आळवू लागली : "नवा करायचाच आहे, तर नावही बदलून घे. सोयीचे पडेल." या 'सोय' नामक प्रकाराविषयी आम्हाला काही बोलायचे आहे, आणि ते फारसे गोड नाही.

आधी कायद्याचे पाहू, कारण कायद्याच्या नावावर आपल्याकडे बरेच काही खपते. १९५४ चा विशेष विवाह कायदा, १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि परदेशातील विवाहांसाठी केलेला १९६९ चा कायदा, यांपैकी एकानेही स्त्रीने लग्नानंतर नाव बदलावे असे म्हटलेले नाही. पासपोर्टासाठी तशी गरज नाही हे २०१७ च्या एप्रिलमध्ये खुद्द पंतप्रधानांनी जाहीरपणे सांगितले. जपानी नागरी संहितेचे ७५० वे कलम पतिपत्नींना एकच आडनाव घ्यायला लावते. तिथल्या स्त्रिया त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, २०१५ मध्ये हरल्या आणि २०२१ मध्ये पुन्हा हरल्या. त्यांच्यासमोर लढायला निदान एक कलम होते. आमच्या मुलीने दावा लावायचा तो कोणावर? सासूबाईंवर की बँकेतल्या खिडकीवर?

शिवाय मराठी स्त्रीचे नाव 'बदलणे' म्हणजे केवळ आडनाव बदलणे नव्हे. आपले नाव तीन पदांचे. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने जे नाव लिहिले जाते त्यात मधले पद नवऱ्याचे आणि शेवटचे त्याच्या घराण्याचे असते. कित्येकदा पहिले पदही नवेच असते. म्हणजे तीनपैकी दोन पदे नक्की जातात, तिसरे नशिबावर. तांदळातल्या नावाचे एक बरे असते, ते हाताने पुसता येते. पासपोर्टातले दहा वर्षे टिकते. त्या पुस्तिकेत मधल्या नावाला वेगळी जागाच नाही. 'सरनेम' आणि 'गिव्हन नेम' एवढेच दोन रकाने. तेव्हा नवऱ्याचे नाव बायकोच्या नावाला चिकटून 'गिव्हन नेम' होऊन बसते. दिलेले नाव! कोणी दिले, हे विचारायचे नाही. मग विमानाच्या तिकिटावर दोन्ही नावे एकमेकांत मिसळून छापली जातात आणि परक्या विद्यापीठातला कारकून तिला तिच्या नवऱ्याच्या नावाने हाक मारतो. ही कोणाची सोय?

सोयीचा युक्तिवाद सगळीकडे टिकतो असेही नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९८१ पासून लग्नानंतरही पतिपत्नींची आपापली जन्मनावेच कायदेशीर मानली जातात. माँट्रियलमध्ये लग्न करून आमच्या सल्ल्याने पासपोर्ट बदलणाऱ्या मुलीच्या हाती दोन नावांची दोन कागदपत्रे येतील आणि ती दोन्ही एकाच बाईची आहेत हे सिद्ध करण्यात तिची उमेद खर्च होईल. परतीची वाट तर याहून बिकट. केंद्रीय राजपत्रात माहेरचे आडनाव पुन्हा नोंदवू पाहणाऱ्या विवाहितेकडे घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा नवऱ्याचे ना-हरकत पत्र मागणाऱ्या सूचनेला २०२४ च्या फेब्रुवारीत दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान द्यावे लागले. जाताना सोय आणि परतताना परवानगी! त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने शासकीय कागदपत्रांत आईचे नाव वडिलांच्या आधी लिहिण्याचा निर्णय घेतला. आम्ही त्याचे मनापासून स्वागत केले. मात्र विवाहितेच्या बाबतीत तिचे नाव, मग नवऱ्याचे नाव व आडनाव ही रीत त्या निर्णयाने कायमच ठेवली. आई म्हणून ती कागदावर आली, बाई म्हणून नाही.

आता थोडे आपल्या व्यवसायाविषयी. मनकर्णिका गोखले यांच्या लक्ष्मीबाई टिळक झाल्या, कल्याणच्या यमुनेच्या आनंदीबाई झाल्या आणि १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातली वैद्यकीय पदवी सासरच्याच नावावर लागली, हे आपण वर्गात सांगतो आणि हळहळतो. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' लिहिणाऱ्या बाळूताई खरे पुढे मालतीबाई बेडेकर झाल्या, परंतु त्यांची 'विभावरी शिरूरकर' ना माहेरची होती ना सासरची, यावर परीक्षेत दहा गुणांचा प्रश्नही घालतो. आणि तास संपल्यावर शिक्षकखोलीत नव्या प्राध्यापिकेला पहिला प्रश्न कोणता? "मॅडम, आता नाव काय लावणार?" मग तिचा एम.फिल.चा प्रबंध एका नावावर, पीएच.डी. दुसऱ्या नावावर, आणि ग्रंथसूची करणारा विद्यार्थी त्या दोघी वेगळ्या समजतो. आमच्याच विभागाच्या सूचीत असे घडले आहे; ती तपासणाऱ्यांत आम्हीही होतो, हे कबूल केलेले बरे.

एखादीला नवे नाव हौसेने घ्यावेसे वाटत असेल तर आमचे काही म्हणणे नाही. हौसेला कारण लागत नाही. परंतु हौस असेल तर ती नवऱ्यालाही कधीतरी व्हायला हवी होती. कॅलिफोर्नियाच्या २००७ च्या, २००९ पासून अमलात आलेल्या कायद्याने विवाह-परवान्यावरच दोघांपैकी कोणालाही नाव बदलण्याची मुभा दिली. तिथे राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या मराठी जावयांपैकी एकानेही तिचा लाभ घेतल्याचे ऐकिवात नाही. त्यांची गैरसोय झाली असती, दुसरे काय.

आमच्या विद्यार्थिनीने शेवटी पासपोर्ट जुन्याच नावाने नवा करून घेतला. अर्जात जोडीदाराच्या नावाचा स्वतंत्र रकाना असतो. तिने नवऱ्याचे नाव तिथे लिहिले.