शालेय ग्रंथालयाने पडताळणी शिकवावी

हिंदी ही आपली राष्ट्रभाषा आहे आणि संविधान सभेत तसा निर्णय अवघ्या एका मताच्या आधिक्याने झाला, हे विधान मी वक्तृत्व स्पर्धांत आणि दूरचित्रवाणीवरील चर्चांत अनेकदा ऐकले आहे. या विधानाचे दोन्ही भाग चुकीचे आहेत. ते तपासण्याची साधने आज कोणत्याही शाळकरी विद्यार्थ्याला विनामूल्य उपलब्ध आहेत. तरीही हा समज टिकून आहे, याची कारणे आपल्या शालेय ग्रंथालयांत शोधावी लागतील.

पडताळणीचा मार्ग सरळ आहे. विद्यार्थ्याने ऑनलाइन ज्ञानकोशापासून सुरुवात करावी, पण तिथे थांबू नये. त्यातील संदर्भांवरून मूळ कागदापर्यंत जावे. राज्यघटनेचा अनुच्छेद ३४३ हिंदीला संघराज्याची ‘राजभाषा’ म्हणतो. ‘राष्ट्रभाषा’ हा दर्जा घटनेने कोणत्याच भाषेला दिलेला नाही. संविधान सभेतील चर्चा संसदेच्या संकेतस्थळावर आहेत. १२ ते १४ सप्टेंबर १९४९ या तीन दिवसांचा वृत्तान्त वाचला, की इंग्रजीसाठी १५ वर्षांची मुदत आणि अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप या तडजोडी कशा घडल्या ते कळते. एका मताची गोष्ट डॉ. आंबेडकरांच्या भाषिक राज्यांवरील १९५५च्या पुस्तकात सापडते. मात्र त्यांनी सांगितलेले ते मतदान काँग्रेस पक्षाच्या बैठकीतले होते, संविधान सभेतले नव्हे. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या पहिल्याच खंडात हा मजकूर आहे.

म्हणजे उणीव साहित्याची नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ २०१५पासून खुले आहे. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८मध्ये देशाला अर्पण झाले. मुले व किशोरांसाठीच्या स्वतंत्र डिजिटल ग्रंथालयाची घोषणा २०२३च्या अर्थसंकल्पात झाली. उणीव आहे ती विद्यार्थी आणि हे भांडार यांच्यामधल्या दुव्याची. केंद्राच्याच ‘यूडायस प्लस’ अहवालानुसार २०२४-२५मध्ये इंटरनेट असलेल्या शाळांचे प्रमाण ६३.५ टक्के होते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे असे म्हटले आहे, त्यात वृत्तपत्रे आणि नियतकालिकेही हवीत. पण ग्रंथपालाचा उल्लेख त्यात नाही. ‘समग्र शिक्षा’ योजनेत ग्रंथालयासाठी वर्षाला ५ ते २० हजार रुपये मिळतात. त्यातून पुस्तके येतील, मार्गदर्शक येणार नाही.

भाषेचा अडसर तर आहेच. ज्यांनी भाषेच्या प्रश्नावर सर्वाधिक विचार करायला हवा, त्या मराठी, तमिळ वा ओडिया माध्यमाच्या मुलांना ही चर्चा मुख्यत्वे इंग्रजीत किंवा हिंदीत वाचावी लागते. एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासात संविधान सभेतील भाषणांचे उतारे आहेत, ही चांगली गोष्ट. परंतु बारावीत इतिहास घेणारे विद्यार्थी थोडेच.

म्हणून मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. प्रत्येक केंद्रशाळेत निदान एक प्रशिक्षित ग्रंथपाल असावा आणि आसपासच्या शाळांची जबाबदारी त्याच्याकडे असावी. राज्यांच्या शैक्षणिक संशोधन परिषदांनी निवडक मूळ दस्तऐवजांचे प्रादेशिक भाषांत अनुवाद करावेत. जिथे इंटरनेट नाही तिथे ते छापून पाठवावेत. आणि परीक्षेत एक तरी प्रश्न न पाहिलेल्या मूळ उताऱ्यावर असावा, कारण आपल्याकडे जे परीक्षेत नाही ते वर्गातही नसते.

गेल्या वर्षी, २०२५मध्ये, महाराष्ट्रात पहिलीपासूनच्या हिंदीवरून मोठा वाद झाला आणि सरकारला आपले निर्णय मागे घ्यावे लागले. असे वाद पुन्हा होतील, इतर राज्यांतही होतील. पाठ्यपुस्तके सरकारांबरोबर बदलतात, आणि आता प्रश्न विचारताच आत्मविश्वासाने उत्तर देणारी यंत्रेही हाताशी आली आहेत. अशा वेळी ‘हे कुठे लिहिले आहे?’ असे विचारण्याची आणि ते शोधून वाचण्याची सवय हेच नागरिकाचे खरे संरक्षण आहे. ती सवय लावण्यासाठी शाळेच्या ग्रंथालयाइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही.