एक माल, चार मापे

लातूर, उदगीर अथवा नांदेडच्या आडत बाजारात सोयाबीन उतरू लागले की प्रत्येक जण आपापला हिशेब मांडतो. शेतकरी एकरी उतारा पाहतो, मळणीयंत्रवाला तासाला निघालेल्या थैल्या मोजतो, आडत्या उलाढाल पाहतो आणि गिरणीमालक तेल व पेंड. प्रत्येकाचा हिशेब आपल्या परीने बरोबर असतो. सर्वांचा मिळून होणारा तोटा मात्र कोणाच्याच वहीत उमटत नाही.

ओलाव्याचेच उदाहरण घ्यावे. १५ टक्के ओलाव्याचे १०० किलो सोयाबीन १२ टक्क्यांपर्यंत वाळविल्यास ९६.६ किलो भरते. तेल तेवढेच राहते. जाते ते पाणी. २०२४ च्या खरिपातील ४,८९२ रुपये हमीभावाने ही घट क्विंटलमागे सुमारे १६७ रुपयांची होते. त्याच हंगामात केंद्र सरकारने हमीभाव खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांवर नेली. पावसात माल सापडलेल्यांना ती सवलत हवीच होती. परंतु ओल्या व सुक्या मालास एकच भाव मिळत असेल, तर खळ्यावर माल वाळविणारा शेतकरी वेडा ठरतो! पुढे ओला माल गोदामात तापतो, बुरशी धरतो, तेलाचा कस उतरतो. मग खरेदीदार कडता वाढवितो, आणि तो वाळविणाऱ्याच्याही माथी बसतो.

मळणीचीही तीच गत. ड्रम वेगाने फिरविला की काम लवकर उरकते, पण दाणा फुटतो.

दुधाच्या धंद्यात गावच्या संस्थेपासून संघापर्यंत फॅट व एसएनएफ याच मापांनी दूध तपासले जाते. तेथे पाण्याला भाव नाही. सोयाबीनमध्ये शेतकरी उत्पादक कंपनी, गोदाम व गिरणी यांनी असाच एक कागद चालविण्यास हरकत नसावी. ढिगाला क्रमांक द्यावा, आणि ओलावा, काडीकचरा व फुटके दाणे यांची नोंद तिन्ही ठिकाणी त्याच कागदावर व्हावी. भाव १२ टक्के ओलाव्यावर धरून सुक्या मालास त्या मानाने अधिक मिळावा.

अडचण आहे ती गिरणीच्या दारात. तेलाचा उतारा उघड केला तर शेतकरी भाव वाढवून मागेल, ही तिची धास्ती. ती अगदीच खोटी नाही. पण वाळविलेल्या मालाची गरज गिरणीलाच अधिक आहे. तोवर गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावातील, गोदामातील व बाजारातील ओलावामापक यंत्रे एकाच नमुन्यावर ताडून पाहावीत. तीन यंत्रे तीन आकडे दाखवू लागली, तर भांडण मिटविण्यापूर्वी यंत्रे दुरुस्त करावी लागतील.