उतारा मिळाला, हेलपाटे थांबले का?
भीमाकाठच्या वडगाव रासाईतल्या शेतकऱ्याला आज डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 15 रुपयांत मोबाइलवर मिळतो. 1 मे 2018 रोजी सुरू झालेली ही सोय मोलाची आहे. तलाठ्याच्या सहीसाठी मोडणारा दिवस तिने वाचवला. पण किती उतारे काढले गेले, यावर डिजिटल कारभाराचे यश मोजणे मला पटत नाही. जी नोंद सरकारच्याच संगणकात आहे, तिची प्रत शेतकऱ्याने दुसऱ्या सरकारी कार्यालयात का नेऊन द्यावी? दुसरा हेलपाटा फेरफाराचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीतील बदलाचा. त्यावरील हरकतींसाठीची 15 दिवसांची नोटीस हवीच, कारण ती वारसांचे हक्क राखते. मुदत उलटूनही अर्ज पडून राहणे, ही खरी दिरंगाई. म्हणून प्रत्येक तालुक्याने दोन आकडे जाहीर करावेत: मुदतीनंतर प्रलंबित फेरफार किती, आणि एका कामाला नागरिकाला किती कागद जोडावे लागतात. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवा मुदतीत मिळणे हा आपला हक्क आहे. तेव्हा अर्जाची पोच जपून ठेवा आणि मुदत टळली, तर अपील जरूर करा.