ऑफिसचं भाडं कॅफेवाल्याच्या माथी

मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल. उत्तर गोव्यातल्या पेडणे तालुक्याच्या या किनारपट्टीत कॅफेत शिरणारं गिऱ्हाईक हल्ली आधी प्लगपॉइंट शोधतं. मग वायफायचा पासवर्ड विचारतं, लॅपटॉप उघडतं आणि सगळ्यात शेवटी कॉफी सांगतं. ऑक्टोबर ते मे या हंगामात हे रोजचंच झालंय. हिंजवडीतल्या, ऐरोलीतल्या, बंगळुरूतल्या कंपन्यांची कामं इथल्या सहा-आठ टेबलांवर चाललेली असतात. नोकरी आणि नोकरीची जागा हा या सदराचा विषय, त्यामुळे मला प्रश्न पडतो तो साधा आहे. या टेबलाचं भाडं कोण भरतं?

कंपनी भरत नाही. तिथे बसलेली मुलं भरतात ते दोन कॉफ्यांपुरतं. बाकीचं सगळं कॅफे चालवणाऱ्याच्या अंगावर पडतं, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

मांद्र्याला एक नवराबायको असंच एक छोटं दुकान चालवतात. पुढे पत्र्याची पडवी, आत सहा टेबलं, काउंटरखाली इन्व्हर्टर. ऑम्लेट-पाव, पोई, फळांचे रस, दुपारी माशाचं जेवण. गावातली माणसं त्या बाईंना वहिनी म्हणतात. एका सकाळी कोपऱ्यातल्या टेबलावर एका मुलाचा कॉल चालू होता. वहिनींनी कलिंगडाचा रस करायला मिक्सर लावला. मुलाने मान वर न करता नुसता तळहात उचलून थांबायची खूण केली. वहिनींनी मिक्सर बंद केला. रस सांगितलेली दोन माणसं तशीच बसून राहिली. पाच मिनिटांनी वहिनींनी डोकावून पाहिलं, कॉल चालूच होता. शेवटी त्या मिक्सर उचलून मागच्या अंगणात गेल्या आणि तिथल्या बोर्डावर लावून रस काढून आणला. मी विचारलं, "वहिनी, त्याला काही सांगत का नाही?" त्या म्हणाल्या, "पोरगो काम करता, तेका ऊठ कसा म्हणू?"

आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला बसलेल्या पाहुण्याला उठवणं जमत नाही. हा त्याचा चांगुलपणा आहे आणि बाहेरून आलेल्याने तो गृहीत धरू नये.

आता हिशेब बघू. न्याहारीच्या वेळी टेबल साधारण पाऊण तासात मोकळं होतं. आठ ते बारा या चार तासांत एका टेबलावर पाच बैठका होऊ शकतात. एका बैठकीचं बिल तीनशे रुपये धरलं तर पंधराशे झाले. तिथेच एकटा माणूस दोन कॉफ्या आणि एक टोस्ट घेऊन चार तास बसला तर चारशे. सहापैकी दोन टेबलं अशी अडली की सकाळचा धंदा जवळपास चौथ्या हिश्श्याने बुडाला. नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी टेबलं तशीही रिकामी असतात, तेव्हा बसणाऱ्याने काही बिघडत नाही, उलट दुकान भरलेलं दिसतं. पण डिसेंबरचे शेवटचे आठवडे आणि जानेवारीचा पहिला, यांवर ही दुकानं वर्षभर तगतात. पावसाळ्यात किनाऱ्यावरचे शॅक मोडून ठेवतात, आतल्या बाजूची बरीच दुकानंही बंद राहतात. आठ महिन्यांत बारा महिन्यांचं कमवायचं असतं.

त्यात वीज. गोव्याची स्वतःची वीजनिर्मिती नगण्य, जवळपास सगळी वीज राज्याबाहेरून येते. मे महिन्यात वळवाचा वारा सुटला, माडाची झावळी तारेवर पडली की गावातली वीज गेलीच. पूर्वी अशा वेळी पंखा बंद, फ्रिज बंद, गिऱ्हाईक बाहेर झाडाखाली जाऊन बसायचं. आता वीज गेली तरी राउटर चालूच राहिला पाहिजे, कारण कुणाची तरी लंडनशी मीटिंग चालू असते. म्हणून मोठी बॅटरी घ्या, दुसऱ्या कंपनीचं नेट जोडून ठेवा, एक्स्टेंशन बोर्ड वाढवा. खाऱ्या हवेत हे सगळं लवकर गंजतं, ते वेगळंच. एकेकाळी हा खर्च कंपनीच्या इमारतीत, कंपनीच्या खात्यावर पडत होता. तो तिथून निघाला आणि माडाखालच्या दुकानदाराच्या वहीत येऊन बसला.

इथे येणाऱ्या मुलांबद्दल माझ्या मनात राग नाही. वाकडहून हिंजवडीला पोचायला ज्यांचा तासन् तास गेलाय, तीन जणांत एक खोली घेऊन ज्यांनी दिवस काढलेत, त्यांनी सकाळी सहाला समुद्रात पोहून नऊला लॉगइन व्हायचं ठरवलं तर त्यात वावगं काय? न्यूयॉर्कच्या वेळेवर काम करणाऱ्याचा दिवस इथे हिवाळ्यात संध्याकाळी साडेसातला सुरू होतो. अशा माणसाला दिवसाउजेडी थोडं मोकळं जगता येतंय, हे चांगलंच आहे. सरकारनेही वाट करून दिली. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये बीपीओ आणि आयटी सेवांवरचे नियम सैल केले, जून २०२१ मध्ये आणखी सैल केले, आणि घरून किंवा कुठूनही काम करणं सोपं झालं. जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावरून विमानं सुटू लागली आणि पेडणे तालुका शहरांच्या हाताशी आला. यातलं काहीच मागे फिरणार नाही आणि फिरूही नये.

पण कुठूनही काम करायची मुभा देताना कंपन्यांनी खर्चाचा विषय सोयीने सोडून दिला. मजलेच्या मजले रिकामे केले, भाडं वाचलं, एसी वाचला, कँटीन वाचलं. वाचलेल्या पैशातला काही भाग जिथे काम होतं तिथे पोचायला नको का? ज्यांनी गोव्यावर साडेचारशे वर्षं राज्य केलं त्या पोर्तुगालने २०२१ मध्ये कायदा केला आणि जानेवारी २०२२ पासून लागू केला. दूरस्थ कामामुळे विजेचा आणि इंटरनेटचा जो वाढीव खर्च होतो तो मालकाने द्यायचा. शेजारच्या स्पेननेही जुलै २०२१ च्या कायद्यात असा खर्च मालकाच्या माथी ठेवला. आपल्याकडे तो बहुतेक ठिकाणी एचआरच्या मर्जीवर आहे. कुठे महिन्याला ठरावीक रक्कम मिळते, कुठे एकदाच खुर्ची घ्यायला पैसे मिळतात, बऱ्याच ठिकाणी काहीच नाही. दौऱ्यावर गेलेल्या माणसाच्या लॉजचं बिल कंपनी बिनतक्रार भागवते. मग चार तासांच्या टेबलाचं बिल का नाही?

याच पोर्तुगालच्या मदैरा बेटावर पोंता दो सोल नावाचं छोटं गाव आहे. २०२१ च्या सुरुवातीला तिथल्या प्रादेशिक सरकारच्या पाठबळाने गावच्या सांस्कृतिक केंद्रात बाहेरून येणाऱ्यांसाठी टेबलं, खुर्च्या आणि इंटरनेटची फुकट सोय केली गेली. बसायची जागा सार्वजनिक पैशातून आणि खाणंपिणं गावच्या दुकानांतून, अशी ती रचना. त्या बेटावर पुढे घरभाड्यांच्या तक्रारी झाल्या, त्यामुळे सगळं उचलून आणावं असं मी म्हणणार नाही. पण कामाची जागा आणि खाण्याची जागा वेगळी करण्याचा विचार मला पटतो.

गोवा सरकारनेही मोरजी-आश्वे किनाऱ्यावर अशा जागा उभारण्याचा मनोदय जाहीर केला होता. किनाऱ्यावर नको, असं माझं स्पष्ट मत आहे. मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. तिथे दिवे आणि वर्दळ जितकी कमी तितकी बरी. जागा गावात करा. पंचायतीचं सभागृह आहे, वाचनालयं आहेत, पट कमी झाल्याने बंद पडलेल्या सरकारी प्राथमिक शाळा आहेत. तिथे चांगलं नेट, वीस टेबलं, कॉलसाठी दोन बंद खोल्या आणि तासाचा दर. अशा खोलीचा उपयोग पुण्याच्या मुलाइतकाच याच तालुक्यातल्या धारगळच्या मुलीलाही होईल. नोकरीसाठी ती रोज बसने पणजी-पर्वरी गाठते, आणि घरून काम करायची परवानगी मिळाली तरी घरात शांत कोपरा नसतो. सध्या या चर्चेत तिचं नाव कुणी घेत नाही.

तोवर कॅफेवाल्यांनी संकोच सोडावा. दारावर पाटी लावावी: लॅपटॉप घेऊन बसण्याचे तासाला इतके, साडेबारा ते तीन टेबल मोकळं, कॉल पडवीत. शहरातल्या को-वर्किंगच्या जागी हीच मुलं महिन्याचे पैसे आगाऊ भरतात, इथेही भरतील. फक्त पावती छापील द्यावी, म्हणजे ती ऑफिसात लावून पैसे मागता येतील. आणि मुलांनी ते मागावेत, एकट्याने लाज वाटत असेल तर टीममधल्या चौघांनी मिळून.

हा प्रश्न तेरेखोल नदी ओलांडून आपल्याकडे सिंधुदुर्गात यायला वेळ लागणार नाही. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ पासून आहे, मालवण-तारकर्लीत महिना-महिना राहणारे येऊ लागलेत. मालवणच्या खाणावळीत तर टेबल वीस मिनिटांत फिरतं. सुरमईचं ताट, वर सोलकढी, हात धुतले की पुढचा माणूस. दुपारी एकला तिथे एक चार्जर लागला, तर बाहेर रांगेत उभ्या असलेल्या कुटुंबाला काय सांगायचं, हे खाणावळवाल्यांनी आत्ताच ठरवून ठेवलेलं बरं.