भाषा-परिषदा जळगाव जामोदला भरवा

संयुक्त राष्ट्रांनी २०२२ ते २०३२ हे आदिवासी भाषांचे दशक जाहीर केले आहे. शिक्षण, तंत्रज्ञान आणि भाषासंवर्धन यांवर परिषदा भरत आहेत, प्रशिक्षणवर्ग निघत आहेत. हे स्वागतार्हच आहे. पण त्यांचा लाभ नेमका कुणाला होतो, हे पाहिले पाहिजे.

बुलडाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद परिसरात निहाली बोलली जाते. कोणत्याही भाषाकुळाशी तिचे नाते सिद्ध झालेले नाही आणि बोलणारे उरलेत जेमतेम दोन-अडीच हजार. भाषातज्ज्ञांना तिचे मोल ठाऊक आहे. मात्र तिथल्या मुलांना शिकवणारा शिक्षक आणि निहाली बोलणारे आजी-आजोबा यांच्यापर्यंत परिषदांची निमंत्रणे पोचायला हवीत.

नुसते निबंध वाचून भाषा टिकत नाही. ध्वनिमुद्रण कसे करावे, बोलणाऱ्याची संमती कशी घ्यावी, गाव, तारीख, वक्ता आणि अर्थ कसा नोंदवावा, हे प्रत्यक्ष करूनच शिकता येते. या नोंदींविना ठेवलेले ध्वनिमुद्रण पुढच्या पिढीला उलगडतच नाही. कामाला साधा मोबाइलही पुरतो. शिकवणारा मात्र हवा.

अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. निहाली आणि मेळघाटातली कोरकू, दोन्ही भाषा त्याच्या शेजारच्या. विद्यापीठाने या भाषा बोलणाऱ्या गावांतच ध्वनिमुद्रणाचे वर्ग घ्यावेत, भाषकांना मानधन द्यावे. जिल्हा परिषदांनी या वर्गांतली शिक्षकांची हजेरी कर्तव्यकाळ धरावी. दशक संपायला फार वर्षे उरलेली नाहीत. निर्णय याच शैक्षणिक वर्षात व्हावा.